अळणी वरणाची वाटी

मागच्या महिन्यात पालमच्या बसस्टँडवर माहेरच्या ओळखीची एक बाई भेटली. बोलता बोलता म्हणाली, "मला तर लय दिवस झाले कशाची चवच लागत न्हाई. वय झालं आता." तिचं वय अडतीस. मी तिला हाताला धरून बाकड्यावर बसवलं. तिची बस लागली, सुटली, तरी उठू दिलं नाही. घरी जाऊन ती माझ्या नावानं खडे फोडत बसली असेल, पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली, असा तिचा फोन आला.

तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. माझं शिक्षण बारावी, आणि बाकी आयुष्य चुलीपुढं गेलं. माझा स्वभाव तापट आहे, तो लिहिताना लपत नाही असं माझी मुलगी म्हणते. नाही तर नाही.

वाफेवरचं मीठ

आमच्याकडं गावच्या देवीची पूजा आहे. पूजा माझे यजमान करतात आणि रोजच्या नैवेद्याचा स्वयंपाक बावीस वर्षांपासून मी करते. त्याआधी माझ्या सासूबाई करायच्या. त्यांना आम्ही सगळे आत्याबाई म्हणतो.

नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो, हे सगळ्यांना माहीत आहे. देवाच्या आधी जिभेला लागलं की ते उष्टं झालं. आमच्या घरी मुद्दाम वास घेणंही चालत नाही. झाकण काढल्यावर वाफ आपोआप तोंडावर येते, तेवढीच काय ती मुभा. त्या वाफेवरून मीठ ओळखायचं. मिठाला वास नसतो असं शास्त्र म्हणत असेल. मीठ पडलेल्या वरणाची आणि न पडलेल्या वरणाची वाफ वेगळी असते, हे मी कुणापुढंही सांगेन.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी आत्याबाईंनी दोन पातेली माझ्यापुढं ठेवली आणि झाकणं उघडली. "यातलं मिठाचं कोणतं?" मी डावीकडचं सांगितलं. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला खोचला आणि चार माणसांसमोर अट घातली, "ज्या दिवशी वाफेवर मीठ कळंना, त्या दिवशी चूल सोडायची. मी सोडायली ना? तशीच." त्यांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. त्या अटीचा मला केवढा अभिमान वाटला होता. तालुक्यात कुणाच्या सुनेला अशी अट असेल?

शिजलेली भांडी मी देवळामागच्या कोठीच्या उंबऱ्यापर्यंत नेऊन ठेवायची. तिथून पुढं आत्याबाईंचं राज्य. ताट त्या वाढायच्या, तुळशीपत्र त्या ठेवायच्या, मग हे घंटा वाजवून नैवेद्य दाखवायचे. कोठीत माझं पाऊल बावीस वर्षांत पडलं नव्हतं. नैवेद्यानंतर तेच अन्न घरात आणि आल्यागेल्या माणसांत वाटलं जातं.

मार्गशीर्ष

सुरुवात कधी झाली ते मला नेमकं सांगता येतं. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी मी फोडणी केली आणि हिंगाचा वास आला नाही. हिंगाचा! मी डबी नाकाशी नेली, आत बोट घातलं. काहीच नाही. हिंगवाल्यानं फसवलं म्हणून मी त्याला दारात उभं करून झापलं. तो बिचारा शपथा घेत होता.

मग एकेक करून सगळं गेलं. लसूण गेला, कोथिंबीर गेली, चहा नुसता गरम लागायला लागला. सर्दी झाली असेल म्हणून वाफारे घेतले. कोरोनाचं काहीतरी मागं राहिलं असेल असंही वाटलं, पण तसं काही निघालं नाही. कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं की चूल जाणार होती.

संध्याकाळचा घरचा स्वयंपाक मी चाखू शकत होते, तर चाखूनही कळेना. म्हणून मीठ वाढत गेलं. हे एक घास घ्यायचे आणि पाणी प्यायचे.

"मीठ लय पडायलंय आजकाल."

"मग करा तुमी."

"अगं, नुसतं सांगायलोय."

"सांगायचं पण कामून? गिळा की गुपचूप."

अशी मी. पूर्वीही तापट होते, पण तेव्हा राग यायचा आणि जायचा. आता तो घरीच मुक्कामाला आला. हातातलं काम टाकून दुसरं धरायचं, ते अर्धं टाकून तिसरं. डबे खाली काढायचे, पुसायचे, परत लावायचे. बसलं तर पाय हलायचे. मुलगी अश्विनी परभणीला शेतकी शिकते. सुट्टीला आली तेव्हा म्हणाली, "आई, तू एका जागी दोन मिनिटं का बसत नाहीस?" तिलाही बोलणी बसली.

पण एक गोष्ट अशी होती की माझ्या अंगावर काटा यायचा. घरचं जेवण रोज खारट, आणि नैवेद्याचं कधीच नाही. दुपारी प्रसादाला बसलेली माणसं बोटं चाटायची. "वहिनी, वरण असं कुठं मिळत न्हाई." नैवेद्याला मीठ घालताना तर माझा भरवसाच उरला नव्हता. एकदा घातलं की वाटायचं पडलंच नाही, मग पुन्हा घालायची, कधी तिसऱ्यांदा. खारट व्हायलाच हवं होतं. होत नव्हतं. मी देवीपुढं उभी राहून रडले. देवीच मला सांभाळून घेते आहे, दुसरं काय असणार?

मग उतराई कशानं व्हायचं? मंगळवार, शुक्रवार, चतुर्थी, एकादशी हे उपास होतेच. मी सोमवार धरला. संक्रांतीनंतर गुरुवार, आणि माघात शनिवार. आठवड्यातून दोनच दिवस पोटाला धड अन्न, बाकी साबुदाणा आणि चहा. चहा किती, ते मी मोजत नव्हते.

माझा वास गेला त्याच दिवसांत आत्याबाईंनी एक नवीन खूळ काढलं होतं. "मला बीपी हाय. मीठ घालायच्या आधी माझ्यासाठी वाटीभर वरण काढून ठेवत जा." मी काढायला लागले. पुढं वाटीचा वाडगा झाला. सणावाराला तर म्हणायच्या, "जरा मोठं भांडं भर." एवढीशी म्हातारी, एवढं अळणी वरण जातं कुठं? मी भांडं आपटून भरायची. माझ्या मागं काय कमी व्याप होते!

बोट

शिमग्याच्या आधी विळीवर भोपळा चिरताना डाव्या हाताचं बोट कापलं. जखम साधीच होती, हळद दाबली आणि कामाला लागले. पंधरा दिवस झाले, महिना झाला, तरी बोट भरेना. खपली धरायची आणि निघायची. ओल्या बोटानं सोवळ्यात कसं वावरायचं, म्हणून मी त्याला केळीच्या पानाची पट्टी बांधायची आणि पदराआड हात धरायची.

मग तोंड आलं. ओठांचे कोपरे फाटले. केस विंचरले की फणीत मूठभर केस यायचे. ते मी कागदात गुंडाळून फेकायची, कुणाला दिसू नयेत म्हणून. पोट तर दोन महिने बिघडलेलंच होतं. पालमच्या दवाखान्यात साखर तपासली, ती ठीक निघाली. "पाळी जायची वेळ आली, होतं असं," असं सांगून शक्तीच्या गोळ्या दिल्या. शेजारीण म्हणाली नजर लागली. मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. एरवी त्या जळताना घरभर ठसका उठतो. मला तोही लागला नाही, आणि मला एकदम रडू फुटलं. शेजारणीला वाटलं नजर लयच जबरदस्त होती.

अश्विनी उन्हाळ्यात घरी आली ती माझ्याकडं बघतच राहिली. तिनं माझा डावा हात ओढून पट्टी सोडली.

"किती दिवसांचं आहे हे?"

"आठ दिवसांचं."

"आई."

"शिमग्याच्या आधीचं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं परभणीला जायचं तिनं ठरवूनच टाकलं. आत्याबाई म्हणाल्या, मी पण येणार. नैवेद्याचं काय, असं मी विचारलं. "तुझा नवरा भात टाकील एक दिवस," त्या म्हणाल्या. आमच्या घराच्या इतिहासात असं वाक्य कुणी बोललं नव्हतं.

डॉक्टरीणबाई

दवाखान्यात नंबर अठ्ठाविसावा होता. मी खुर्चीत बसले, उठले, पाण्याच्या माठापर्यंत गेले, दाराशी गेले, भिंतीवरचे सगळे कागद वाचून काढले. अश्विनी म्हणाली, "आई, तुला बघून बाकीचे पेशंट घाबरायलेत."

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असाव्यात. त्यांनी बोट बघितलं, जीभ बघितली, नखं बघितली. मग पेन खाली ठेवून विचारलं, "दिवसभरात काय काय खाता?"

"सगळंच. भाकरी, भाजी, दूध, दही."

"खोटं सांगायलीय," आत्याबाई मागून म्हणाल्या. "आठवड्यातले पाच दिवस उपाशी राहातीय. आन् तिला वास येत न्हाई. चव बी न्हाई. मार्गशीर्षापासून."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी अश्विनीकडं रागानं बघितलं. तिनं खांदे उडवले, पण मला वाटलं हिनंच ओळखलं असेल आणि आजीला सांगितलं असेल. संपलं, गेली चूल, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. पुढचं मला अर्धवटच ऐकू आलं.

गोळ्या कोणत्या चालू आहेत, असं त्यांनी विचारलं. मी पिशवीतून पाकिटं काढली. रक्तवाढीच्या गोळ्या दोन वर्षांपूर्वी मला तीन महिन्यांसाठी दिल्या होत्या. मी त्या थांबवल्याच नव्हत्या, रक्त वाढतंय तर वाढू दे म्हणून. त्या मी सकाळी चहासोबत घ्यायची. शिवाय पित्ताची गोळी रोज. डॉक्टरीणबाईंनी ती पाकिटं एकापुढं एक मांडली आणि एकेक वाचून काढली. नंतर म्हणाल्या, "एक तपासणी करू. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला या. उपाशी राहायची तर तुम्हाला सवयच आहे."

मला लाज वाटली आणि रागही आला. बाई बोलायला खमकी होती, म्हणून आवडलीही.

निघताना मीच म्हटलं, "यांचंही बीपी बघा ना, रोज अळणी खातात." आत्याबाई नको नको म्हणत होत्या. तरी डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधला. "आजी, तुमचं बीपी माझ्यापेक्षा चांगलं आहे. कुणी सांगितलं अळणी खायला?"

आत्याबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "आमच्या तिकडचा एक डॉक्टर हाय." आणि तरातरा बाहेर गेल्या.

चार दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त देऊन आम्ही दोघी पालमला परतलो, अश्विनी रिपोर्टसाठी परभणीलाच थांबली. रिपोर्ट बाहेरगावाहून चार दिवसांनी येणार होता. हे चार दिवस मी कसे काढले ते विचारू नका. मला वाटत होतं कॅन्सरच आहे. माझ्या मावशीला झाला होता तेव्हा तिचेही केस असेच गेले होते, हे मला सारखं आठवायचं. ते औषधानं गेले होते, दुखण्यानं नव्हे, हे तेव्हा ध्यानात कुठं येणार!

त्याहून मोठी धास्ती आत्याबाईंची. आता त्यांना कळलं होतं. रोज सकाळी मी चुलीपुढं बसायची ती कान त्यांच्या पावलांकडं लावून. आज सांगतील, आत्ता सांगतील. त्या यायच्या, दाराशी उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "माझं वरण काढलंस का?" बस. त्यांनी एकदा बोलून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटायचं. मी कपाट आवरलं, पडदे धुतले, धुतलेले पडदे परत धुतले.

रिपोर्ट अश्विनीनं घेतला आणि डॉक्टरीणबाईंना दाखवून फोन केला. मी परसात होते.

"आई, कॅन्सर-बिन्सर काही नाही. तुझ्या अंगात झिंक लय कमी झालंय."

"म्हंजी काय?"

"जस्त. कपाशीला, ज्वारीला आम्ही टाकायला सांगतो ना, तेच. तुझ्या अंगाला ते मिळतच नव्हतं. चहा, त्या गोळ्या, उपास, बिघडलेलं पोट, सगळं एकावर एक झालं. भरून निघतं, पण वेळ लागतो."

रडू आलं, हसूही आलं. ज्याच्यापायी मी पाच-सहा महिने देवीपुढं डोकं आपटत होते, ते दुखणं हे एवढंसं? मग एवढंसं होतं तर माझे केस का गेले, माझी झोप का गेली, असा उलटा रागही आला.

संध्याकाळी न्हाणीघरातली जुनी जस्ताची बादली लखलखीत घासून स्वयंपाकघरात आली होती, वर स्वच्छ फडकं. आत्याबाई म्हणाल्या, "तांब्यातलं पाणी पितात तसं रात्रभर यात पाणी ठिवू. सकाळी पी." यांनाही ते पटलं होतं. अश्विनीला फोन लावला तेव्हा ती इतकी ओरडली की फोन लांब धरावा लागला. असलं पाणी पिऊन उलट्या होतील आणि आणखी काहीबाही पोटात जाईल, असं तिनं तिघांनाही सांगितलं. बादली परत न्हाणीघरात गेली. आत्याबाईंनी ती घासताना हातावर ओरखडा काढून घेतला होता, तो मला नंतर दिसला.

गोळी

आता सांगते ते माझ्यासारख्या बायकांनी नीट ऐकावं. औषध मिळालं म्हणजे सुटलो, असं नसतं.

पहिली गोळी मी अनशापोटी घेतली, लवकर लागू पडेल म्हणून. अर्ध्या तासात ओकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी गोळ्यांचं पाकीट पिठाच्या डब्यामागं टाकलं आणि घरी सांगितलं, घेते आहे. आठ दिवस खोटं बोलले. नवव्या दिवशी डब्यामागचं पाकीट माझ्या ताटाशेजारी येऊन बसलं. ठेवणारं कोण ते मी विचारलं नाही.

डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "जेवणानंतर घ्या, हे मी कागदावर लिहून दिलं होतं." खरंच लिहिलं होतं. मी वाचलं नव्हतं. जेवल्यावर घेतली तर पोटात राहिली. रक्तवाढीची गोळी त्यांनी बंद केली. चहा दोनच कप, तोही जेवणापासून लांब. मला वाटलं दोन गोळ्या घेतल्या तर निम्म्या दिवसांत बरी होईन. तेही विचारून बघितलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, जास्त झालं तर दुसरं काही बिघडतं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय एक दिवसही पुढं घ्यायची नाही. हे तुम्हीही आपल्या डॉक्टरांनाच विचारा, माझ्या लिहिण्यावरून दुकानात जाऊन गोळ्या घेऊ नका.

खायचं म्हणाल तर तीळ, शेंगदाणे, मोड आलेले मूग-मटकी, हरभरे, दही, आणि भोपळ्याच्या बिया. भोपळ्याच्या बिया! ज्या भोपळ्यानं बोट कापलं त्याच्या बिया मी जन्मभर उकिरड्यावर टाकत आले. अंडीही खात जा, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. आत्याबाई शेजारीच बसल्या होत्या, म्हणून मी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला.

उपास सोडणं सगळ्यात जड गेलं. मंगळवार-शुक्रवार तेवढे ठेवले, तेही दूध आणि दाणे खाऊन. बाकीचे सोडताना मी देवीपुढं उभी राहून माफी मागितली. मनात एकच धसका, आता ही माझं मीठ सांभाळणं सोडून देणार. दुसऱ्या दिवशी प्रसादाला बसलेल्यांची तोंडं मी खिडकीतून न्याहाळली. कुणाचं तोंड वाकडं झालं नाही. वरण तसंच होतं. देवी माझ्यापेक्षा मोठ्या मनाची आहे, असं मी ठरवलं.

अंबाडी

महिना गेला, बोट भरलं. केस गळायचे थांबले, पण चव येईना. मी रोज सकाळी जिभेवर मिठाचा खडा ठेवायची, मग गूळ, मग चिंच. रोज परीक्षा आणि रोज नापास. हे म्हणायचे, "असं खोदून बघितल्यावर बी उगवत न्हाई." मी म्हणायची, "तुमाला काय जातंय बोलायला."

श्रावण अर्धा सरला होता. दुपारी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी खात होते, मन दुसरीकडंच. अचानक दाढांच्या मागं शिरशिरी आली आणि तोंडाला पाणी सुटलं. मी घास तसाच धरून थांबले. आंबट! ते आंबट होतं! मी ओरडले. हे पूजा सोडून धावत आले, त्यांना वाटलं ठसका लागला. मी तोंड भरलेलं असताना रडत होते आणि सगळी भाजी एकटीनं संपवली. यांना घासही दिला नाही.

खारट शेवटी आलं. ज्या दिवशी आलं त्या दिवशी संध्याकाळची आमटी मी स्वतः तोंडातून काढून टाकली. हा माणूस नऊ महिने हे गिळत होता, आणि वर मी त्याला "गुपचूप गिळा" म्हणत होते. त्यांच्या ताटातली आमटी उचलली आणि नवी केली. त्यांनी ती दोनदा मागून घेतली.

कोठी

नवरात्र आलं. नऊ दिवसांचे उपास यंदा मी धरले नव्हते. वासही परत आला होता, वाफ पुन्हा मला सगळं सांगत होती. हात एकदाच मिठाच्या बरणीत जायचा.

सहाव्या माळेला भांडी कोठीच्या उंबऱ्यावर ठेवून मी परतले आणि आठवलं, लिंबाची फोड राहिली. घेऊन परत गेले. दार लोटलेलं होतं. मी ढकललं.

आत्याबाई पाटावर बसल्या होत्या. पळीनं वरणाचा थेंब तळहातावर घेतला आणि त्यांनी तो जिभेला लावला. शेजारी मिठाची बरणी, दाण्याच्या कुटाचा डबा, दोन लिंबं आणि माझ्याकडून रोज भरून नेलेला अळणी वरणाचा वाडगा.

"काय करायलाव तुमी?"

त्या दचकल्या नाहीत. "मीठ बघायले."

"देवीच्या आधी?"

"मार्गशीर्षापासून. पहिल्या गुरुवारीच प्रसाद खाऊन कळलं मला, तुझं नाक गेलं. दुसऱ्या दिवसापासून बघायले. खारट आसलं की यातलं वरण मिसळायचं, भाजीत कूट टाकायचं."

ज्या बाईनं मला वास घ्यायचीही बंदी केली होती, ती रोज देवीला उष्टं वाढत होती. सुचलं ते भांडणच. "मग मला सांगितलं कामून न्हाई?"

"सांगितलं आसतं तर तू त्याच दिवशी चूल सोडली आसतीस. मला म्हाईत न्हाई का तू कशी हायस? चुलीबिगर तू पंधरा दिवस जगली नसतीस." त्यांनी पळी पुसली. "अट मीच घातली व्हती. मीच मोडली."

मी तिथंच उंबऱ्यात बसले. आणि जे मनात ठेवायला हवं होतं तेच तोंडातून गेलं. "आत्याबाई, मला वाटलं देवी माझं मीठ सांभाळायलीय. म्हणून तर उपास वाढवले मी. सोमवार, गुरुवार, शनिवार."

त्यांच्या हातातली पळी खाली आली. त्या माझ्या डाव्या हाताच्या बोटाकडं बघत राहिल्या. तिथं आता पांढरा वण आहे.

"म्हंजी तुझं हे सगळं... माझ्यापायी वाढलं?"

नाही म्हणता आलं असतं. पण इतके महिने दोघी एकमेकींशी खोटं वागून काय झालं ते समोर होतं. मी म्हटलं, "थोडं तुमच्यापायी, थोडं माझ्यापायी."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. मला त्यांच्याजवळ जायचं होतं, पण सोवळ्यात शिवायचं की नाही तेच कळेना, आणि आपण या घडीला असला विचार करतो आहोत याचाही राग आला. शेवटी गेले आणि त्यांचा हात धरला. तो अजून थरथरतोच.

बाहेरून यांची हाक आली, "नैवेद्य आणा!"

आत्याबाईंनी नाक पुसलं. "इतके महिने देवीनं उष्टं खाल्लं. एका शब्दानं तक्रार केली न्हाई. तूच तेवढी रोज भांडायलीस." मग म्हणाल्या, "आठ-पंधरा दिवस झाले, माझा वाडगा तसाच वापस यायलाय. तरी बघायले आपलं. सवय लागली."

त्यांनी ताट माझ्याकडं सरकवलं. "चल, वाढ."

"मी?"

"मग कोण? आज तू वाढ."

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या कोठीत बसून मी ताट वाढलं. मीठ, लिंबू, कोशिंबीर, भात, त्यावर वरण. तुळशीपत्र त्यांनी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरण शिजलं. सवयीनं मी वाडगा हातात घेतला आणि डाव बुडवला. आत्याबाई दाराशी उभ्या होत्या.

"माझं येगळं कामून काढायलीस?" त्या म्हणाल्या. "घाल की मीठ."

मी वाडग्यातलं वरण परत पातेल्यात ओतलं आणि सगळ्यांचं मीठ एकदाच घातलं.